ओकावरच्या मचाणाचे सातवे वर्ष

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सायंकाळ.
केबिनवर पोहोचलो. उद्या पहाटे शिकारीचा मोसम उघडतो. सोळा दिवस. त्यातून तीन रविवार वजा. सेहेचाळीस वर्षांत रविवारी मी रायफलीला हात लावलेला नाही. चर्चच्या निवृत्त पाळकानेच नियम मोडला तर तरुण पाळकांनी कोणाकडे पाहावे? उरतात तेरा दिवस. मला तीन पुरेत.

विषय एकच: टेकडीच्या नाकावरच्या ओकावरील मचाण. केबिनच्या दारावर माझ्याच वळणदार अक्षरात नियम लिहिलेला आहे की, ज्याला सलग सात मोसम हरणाचा नर मिळाला नाही, त्याने मचाण सोडावे आणि ते वयाने पुढच्याकडे जावे. सात ही संख्या मी शास्त्रातून घेतली. सातव्या वर्षी शेत मोकळे सोडतात, दासाला मुक्त करतात. अठरा वर्षांपूर्वी याच नियमान्वये मचाण माझा साडू हाल्वोर याच्याकडून माझ्याकडे आले. तो आता प्रभूच्या विसाव्यात आहे. वयाने पुढची म्हणजे त्याची विधवा, माझी मेहुणी तोर्डिस. वय एकोणसत्तर. नेम चांगला, जीभ त्याहून.

माझे हे सातवे वर्ष. मी चिंतित नाही.

निश्चय: मचाणावर झोपायचे नाही. (गेल्या वर्षीही झोपलो नव्हतो. ते चिंतन होते.) स्तोत्रे मनातल्या मनात म्हणायची. थर्मास एकच.

शेजारी टोइवो तीस वर्षे आमच्याबरोबर शिकार करतो आणि स्वयंपाकही तोच करतो. त्याने सांगितले की गंधसरूंच्या दलदलीकडे शिंगांना दहा टोके असलेला एक नर फिरतो आहे. माजाने मान सुजून बैलासारखी झाली आहे. या दिवसांत नराची बुद्धी जाते. मादीच्या मागावर नाक जमिनीला लावून तो धावत सुटतो. खाणे विसरतो, माणूस विसरतो. अशा वेळी विवेकी पुरुषास लाभ होतो.

८ नोव्हेंबर, शनिवार.
पहाटे सहाला मचाणावर. मिशीवर हिम.
७.५०. एक मादी दिसली.
७.५१. गेली. कारण: खोकला. खोकला हा निश्चयात नव्हता.
८.३० ते ११, चिंतन.
चिंतनातून बाहेर आलो तो ओकाखाली ताजे, मोठाले खुरांचे ठसे. बरोबर शिडीच्या पहिल्या पायरीपाशी लेंड्या. हेतुपुरस्सर वाटल्या.

जेवताना टोइवो म्हणाला, "पाळकसाहेब, तुमचं चिंतन पार ओढ्यापर्यंत ऐकू येत होतं. मला वाटलं कुणी करवत चालवतंय." तोर्डिस म्हणाली, "हसू नकोस रे. भावोजी आधी हरणांना झोपवतात. सगळी घोरायला लागली की मग एकेक उचलणार." मी हसलो नाही. पाव खाल्ला.

९ नोव्हेंबर, रविवार.
चर्चमध्ये स्त्रिया, दोन अर्भके, आर्थरायटिसचा एक रुग्ण आणि मी. बाकी सर्व पुरुषमंडळी रानात. नव्या पाळकाने नऊ मिनिटांत उपदेश आटोपला. झग्याखाली त्याची शिकारीची नारिंगी विजार दिसत होती. माझ्या काळी उपदेश चाळीस मिनिटांचा असे आणि झोपणारेही पुरुषच असत.

दुसऱ्या स्तोत्राच्या वेळी खिडकीबाहेर पाहिले. दफनभूमीत एक मादी थडग्यांमधून धावत गेली. मागून नर. दहा टोके! माझ्या वडिलांच्या थडग्यापाशी थांबला, नाक वर केले, वरचा ओठ दुमडला आणि उभा राहिला. पूर्ण एक कडवे उभा राहिला.

माझे दोन्ही हात खिशात होते. बॉर्गहिल्ड, माझी सहधर्मचारिणी, हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही वरचा सूर सोडून भलतंच काहीतरी म्हणताय." मी काय म्हणत होतो ते मला आठवत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
पद्धत बदलली. हरिणी पाण्याच्या प्रवाहासाठी किती आसुसलेली असते, हे स्तोत्रकर्त्याने सांगून ठेवले आहे. आणि तो मेंढपाळ होता, त्याला रान कळत होते. तेव्हा मचाण एक दिवस सोडून ओढ्याकाठी बसलो. चार तास. ओढा गोठलेला. स्तोत्रकर्त्याच्या प्रदेशात ही अडचण नसावी.

डावा पाय बर्फातून आत गेला. पाणी होते तर.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
टोइवोने एक छोटी बाटली दिली. माजावर आलेल्या मादीचे मूत्र! हे दुकानात मिळते, आणि लोक ते घेतात. मी नकार दिला. मंद दृष्टीच्या बापाला फसवून धाकट्या मुलाने कपटाने मिळवलेल्या आशीर्वादाची शास्त्रातली गोष्ट मी त्याला सविस्तर सांगितली. तो म्हणाला, "पाळकसाहेब, त्या पोराला आशीर्वाद मिळाला ना पण?"

रात्रभर विचार केला. कपट माणसाशी निषिद्ध आहे. पशूंविषयी शास्त्र मौन आहे. मौनाचा अर्थ संमती असाही होऊ शकतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
चिंधीवर चार थेंब टाकून ती वीस पावलांवर टांगायची, असे टोइवोने बजावले होते. मी बाटली कोटाच्या आतल्या खिशात ठेवून शिडी चढलो. बूच घट्ट नव्हते. आता त्या कोटात, अंगरख्यात आणि माझ्या प्रार्थनापुस्तकात ती मादी कायमची वसली आहे.

परंतु गुण आला! ९.२० ला मचाण हादरू लागले. भूकंप वाटला. तो नर होता. थेट माझ्याखाली, ओकाच्या बुंध्यावर शिंगे घासत होता. खाली नेम धरण्यासाठी वाकलो. थर्मास निसटला आणि त्याच्या पाठीवर पडला. नर गेला. थर्मासचे झाकणही.

टोइवो: "हरणाला कॉफी पाजायला बोलावलं होतं काय?"
तोर्डिस: "आधी निदान विचारायचं तरी, साखर किती घेणार म्हणून."

बॉर्गहिल्डचा फोन. कोटाविषयी तिला कोणीतरी कळवले आहे. म्हणाली, "अहो, तो कोट अंगणापर्यंतच आणायचा. आणि तुम्ही त्यात असाल, तर तुम्हीही अंगणापर्यंतच."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
वारा प्रतिकूल.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
हे शांतपणे लिहितो आहे.

३.४० ला मादी समोरून आली, तिच्यामागे दहा टोकांचा नर. चाळीस पावले. मान खाली, तोंड उघडे, मागे ना पुढे पाहणे. एवढी जवळची, एवढी स्वच्छ संधी मला गेल्या वीस वर्षांत लाभली नव्हती. रायफल उचलली. श्वास सोडला. श्वास मफलरमधून वर गेला आणि चष्म्यावर बसला. पांढऱ्या धुक्यात जिथे नर असायला हवा होता तिथे गोळी झाडली.

नर तिथे नव्हता. बर्चचे झाड होते. ते जखमी आहे.

आमच्याकडे परंपरा अशी की नेम चुकलेल्याच्या सदऱ्याचे पाठीमागचे टोक कापायचे आणि नाव, तारीख घालून केबिनच्या भिंतीवर ठोकायचे. मी युक्तिवाद केला: नेम चुकणे निराळे आणि नेमाला विषयच न दिसणे निराळे. दुसऱ्या प्रकारास अपराध म्हणता येत नाही. तोर्डिसने कात्री काढली. म्हणाली, "भावोजी, वळा. सदरा अपराधी आहे की नाही ते मग बघू." निळ्या चौकटीचा, बॉर्गहिल्डने दिलेला सदरा. भिंतीवर आता माझे पाच तुकडे आहेत. टोइवो म्हणाला की आणखी चार झाले की खिडकीला पडदा होईल.

हाल्वोरचा एकही नाही. त्याने गोळी झाडलीच क्वचित.

१६ नोव्हेंबर, रविवार.
चर्च. धीराविषयी उपदेश. पाळक स्वतः अकरा वाजता ट्रकमध्ये. पाठीला वारा लागत होता, सदरा तोच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
लांडगे आले असावेत. हरणे नाहीत याचे दुसरे कारण संभवत नाही. तोर्डिसला आज तीन दिसली, टोइवोला पाच. लांडगे बहुधा फक्त माझ्या बाजूला.

रात्रीच्या जेवणानंतर टोइवोने मला बाजूला घेतले. राज्याच्या कायद्यानुसार एकाने मारलेले हरीण त्याच टोळीतला दुसरा आपल्या परवान्याच्या बिल्ल्यावर घेऊ शकतो. तो म्हणाला, "पाळकसाहेब, माझ्या बंदुकीसमोर नर आला तर तुमचा बिल्ला लावू. दारावर लिहिलंय 'नर मिळाला'. कुणी मारला असं कुठे लिहिलंय?" मी त्याचा हात बाजूला केला. म्हणालो, जे माझ्या हाताने आले नाही ते माझ्या नावावर नको. हे बोलताना आवाज भरून आला. टोइवोही गंभीर झाला. पुढे म्हणाला, "बरं मग, बटाटे सोला."

२० नोव्हेंबर, गुरुवार.
दिवसभर मचाणावर नियमाचाच अभ्यास केला. (हरणे: शून्य. एक खार, उद्धट.) महत्त्वाचा शोध लागला. प्राचीन लोक कालगणनेत आरंभाचे वर्ष धरीत, की सोडीत? ज्या वर्षी मी शेवटचा नर मारला त्याच्या पुढचे वर्ष विसाव्याचे धरले, तर यंदाचे वर्ष सातवे नव्हे, सहावे ठरते! मूळ भाषेतील तीन ठिकाणचे दाखले काढले आणि जेवताना मांडले. वीस मिनिटे बोललो.

तोर्डिसने काटा खाली ठेवला. म्हणाली, "भावोजी, हाल्वोरच्या वेळी तुम्ही याच टेबलावर बोटांवर मोजून दाखवलं होतं. अंगठ्यापासून सुरुवात केली होती. दाखवू? तुमचीच बोटं आहेत, जिथल्या तिथे आहेत." टोइवोने बशीत तोंड घातले.

विद्वत्तेला श्रोता लागतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
हिमवर्षाव. काही दिसले नाही. कोणालाच दिसले नसावे. किंचित बरे वाटले. असे वाटणे योग्य नव्हे. तरी वाटले.

२२ नोव्हेंबर, शनिवार. सायंकाळ.
शेवटचा दिवस. माझ्यापुरता. उद्या रविवार.

सहापासून पाचपर्यंत बसलो. डोळे मिटले नाहीत. निदान दोन्ही एकाच वेळी नाहीत. पाय लाकडाचे झाले. नर नाही.

परतताना टोइवोला सहज विचारले, तू मंगळवारी काहीतरी म्हणाला होतास, बिल्ल्याविषयी, ते मी नीट ऐकले नव्हते बहुधा. तो म्हणाला, "अहो, काल सकाळी छोटा नर मारला मी. हिमात. तुम्ही नको म्हणालात म्हणून माझाच बिल्ला लावला. शेडमध्ये टांगलाय की, पाहिला नाहीत?" पाहिला होता. हरीण नसावे अशी आशा होती.

आता रात्री जागून पुस्तके उघडली आहेत.

रात्री ११.३०.
सापडले! इतकी वर्षे कसे दिसले नाही? शास्त्राच्या गणनेत दिवस मध्यरात्री संपत नाही. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा एक दिवस. विश्रामाचा दिवस सूर्यास्ताबरोबर संपतो. उद्याचा सूर्यास्त ४.३० ला. आणि राज्याचा कायदा सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीस मुभा देतो! दैवी आणि मानवी, दोन्ही कायद्यांनी निर्मळ अशी तीस मिनिटे. ती माझ्यासाठी सृष्टीच्या आरंभापासून राखून ठेवलेली असावीत.

शांत झोप लागेल.

२३ नोव्हेंबर, रविवार. रात्री.
क्रमाने लिहितो.

सकाळी चर्च. दुपारी तीनला केबिनमधून निघालो. चालणे हे श्रम नव्हे. अंतर विश्रामदिनाच्या मर्यादेतले. रायफल खांद्यावर, परंतु रिकामी. काडतुसे उजव्या खिशात. ४.३० पर्यंत ते एक लोखंडी काठीसदृश वस्तू घेऊन झाडावर बसणे, एवढेच होते.

४.०८. गंधसरूंतून दहा टोकांचा नर बाहेर आला. धावत नाही, चालत. तीस पावलांवर थांबला. आडवा. मागे दलदलीकडे वळून पाहत होता. चष्मा स्वच्छ. मफलर गळ्याखाली. वारा माझ्याकडे. सर्व निश्चय पाळलेले.

४.१२. तिथेच.
४.१५. तिथेच. हिम उकरून एक ओकाचे फळ खाल्ले.
४.१८. प्रार्थना केली. प्राचीन काळी एका सेनापतीने सूर्याला थांबण्याची विनंती केली होती आणि तो थांबला. मी त्याला लवकर जाण्याची विनंती केली. ही तुलनेने लहान गोष्ट आहे. सूर्य टेकडीवर तसाच बसून राहिला. बहुधा चिंतनात.
४.२१. एक काडतूस खिशातल्या खिशात बोटांनी चाचपले. चाचपणे म्हणजे भरणे नव्हे.
४.२३. नराने थेट माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मला त्याची पापणी दिसली.
४.२४. तो वळला आणि आला त्याच वाटेने शांतपणे दलदलीत शिरू लागला. सहा मिनिटे. प्रभो, केवळ सहा मिनिटे.
गोळीचा आवाज झाला. माझा नव्हे.

गंधसरूंतून तोर्डिस बाहेर आली. गुडघ्यांपर्यंत चिखल, टोपी गेलेली, केसांत काड्या. नराला पाहिले, मग वर माझ्याकडे. ओरडली, "भावोजी! जिवंत आहात का?" मी हात हलवला.

शिडीखाली येऊन ती धापा टाकत बोलत राहिली. टोइवोने मला तीनला रायफल घेऊन जाताना पाहिले होते आणि धावत जाऊन तिला सांगितले होते. "मी म्हटलं, देवा, या माणसाने सेहेचाळीस वर्षांचा रविवार सोडला! म्हणजे जीव किती अडकलाय मचाणात. मग आम्हीच ठरवलं, हाकारा करायचा. टोइवो त्या टोकाला उभा राहिला, नर बाहेर फुटू नये म्हणून. मी पाऊण तास गुडघाभर चिखलातून हाका देत त्याला तुमच्या पुढ्यात आणून उभा केला. पंधरा मिनिटं, भावोजी! मी झाडाआड उभी राहून वाट बघतेय, आता मारतील, आता मारतील. शेवटी तो वळून माझ्याच अंगावर यायला लागला, तेव्हा काय करू?" मग चेहरा वर करून, जरा हळू आवाजात विचारले, "झोप लागली होती ना?"

मी खाली पाहिले. टेकडीवर अजून सूर्य होता. खरे कारण सांगण्यासाठी मला सृष्टीच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागली असती.

हो, म्हणालो. झोप लागली.

ती हसली नाही. म्हणाली, "वय झालं आपलं." आणि नराला ओढायला माझी मदत मागितली. विश्रामाचा दिवस संपायला दोन मिनिटे होती. ओढले.

२४ नोव्हेंबर, सोमवार. केबिन बंद करण्यापूर्वी.
न्याहारीला मी उभा राहिलो आणि मचाण विधिपूर्वक तोर्डिसच्या स्वाधीन केले. लहानसे भाषण तयार केले होते: सत्ता ही विश्वस्ताची असते, सातव्या वर्षी हात रिकामे करावेत, इत्यादी. शेवटी शिडीला बांधायची दोरी तिच्या पुढ्यात ठेवली. तिने लेफ्सेला, म्हणजे बटाट्याच्या पोळीला, लोणी लावणे थांबवले नाही. म्हणाली, "मला नको, भावोजी."

नियम हा नियम आहे, मी म्हणालो.

"असू दे. वीस वर्षांपूर्वी बीव्हरांनी ओढा अडवला, तेव्हापासून हरणांची वाट खालून जाते. तुमच्या ओकावरून काही दिसत नाही. हाल्वोर तर दोन मोसम मुद्दाम रिकामा बसला. म्हणायचा, सात पूर्ण होऊ देत, म्हणजे पाळकसाहेब घेऊन टाकतील आणि मला खाली जमिनीवर बसता येईल."

मी टोइवोकडे पाहिले. टोइवो म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. मला गुडघे आहेत."

दोरी उचलून परत पिशवीत ठेवली. मचाण माझ्याकडेच राहिले.